धोटे मास्तरांचं फल्लीयंत्र

परवा व्हिडिओ कॉलवर चिन्मयचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, याची नोकरी गेली की काय. तसं काही नव्हतं. कुणा परक्या गृहस्थाने एक प्रोग्राम लिहून जगाला फुकट वाटला होता, पुष्कळ लोक तो सुखाने वापरत होते, आणि चिन्मयच्या संगणकावर मात्र तो काही केल्या उभा राहत नव्हता. एक गोष्ट बसवावी तर ती दुसरी मागते, दुसरी बसवावी तर ती तिसरीची जुनी आवृत्ती मागते, आणि ती जुनी आवृत्ती चौथीला चालत नाही. शेवटी त्याने त्या गृहस्थालाच लिहून विचारलं. उत्तर एका ओळीचं आलं : माझ्याकडे तर चालतं.

त्याच्या शेजारी बसलेली ईरा हसली. मला हसू आलं नाही. तुमचे आईवडील जन्मायच्या आधी मी हे वाक्य अमडापूरला इतक्यांदा ऐकलं आहे की अजूनही कानात जसंच्या तसं आहे. "माह्याकडं तं चालते." ज्यांच्या तोंडून ऐकलं ते धोटे मास्तर संगणकाचं नावही न ऐकता गेले. त्यांच्याबद्दल तुम्हा दोघा नातवंडांना लिहून ठेवावं असं त्याच रात्री ठरवलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी अमडापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा पंचायत समितीत शेतीचं काम पाहत होते. धोटे मास्तर आमच्या शाळेत शास्त्र आणि चित्रकला शिकवत. उंच, काटकुळे, कानावर कायम खडू. कुणाच्या घरी गेले की बसण्याआधी खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहत आणि यजमानाला तिचं दुखणं सांगत. "गुडघे गेले हिचे," असं म्हणून मग तिच्यावरच बसत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी दाराची बिजागरी, मोरीचा उतार आणि पंख्याची हवा या तिन्हींत दोष काढले होते. सल्ला फुकट असे, पण नको म्हणायची सोय नसे.

शाळेतला स्टोव्ह त्यांनी दुरुस्त केला ती हकीकत आधी सांगते, म्हणजे माणूस कळेल. मधल्या सुट्टीच्या चहाचा स्टोव्ह बंद पडला. त्याचा एक स्क्रू गेला होता. मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळातून एक स्क्रू काढून तिथे बसवला. स्टोव्ह पेटला, घड्याळाचा लंबक गळून पडला. लंबक टांगायला तार हवी, म्हणून हिंदुस्थानच्या नकाशाची तार काढली. नकाशा खाली आला. तो पुन्हा लावायला मोठा खिळा हवा, तसा खिळा शाळेत एकच होता, हेडमास्तरांच्या खुर्चीच्या पाठीत. सोमवारी हेडमास्तर खुर्चीवर टेकले आणि खुर्चीसकट उजवीकडे कलंडले. उठून धोतर झटकत त्यांनी आपला खिळा परत मागितला. मास्तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "सर, आता यातलं काहीच काढू नका. सारं एकमेकावर उभं आहे." हेडमास्तर पुढचं सगळं वर्ष स्टुलावर बसले. चहा मात्र वेळेवर मिळत होता.

आता यंत्राकडे येते. भुईमुगाच्या शेंगेला आमच्या भागात फल्ली म्हणतात. पेरायला जी फल्ली ठेवतात ती पेरणी जवळ आली की फोडावी लागते, आणि दाणा अख्खा राहावा लागतो. त्याच्यावरचं तांबडं साल जरी सोलवटलं तरी तो उगवेलच असं नाही, आणि दाण्याच्या दोन डाळी झाल्या तर तो फक्त चटणीच्या कामाचा. हे काम बाया हातांनी करत. उन्हाळ्याच्या शेवटी गावातल्या कुठल्याही बाईचा अंगठा पाहावा, टोकाशी फाटलेला असे.

मास्तरांनी यावर यंत्र काढलं. खाली लोखंडी पट्ट्यांची अर्धगोल जाळी, तिच्यावर पाळण्यासारखी मागेपुढे होणारी दांडी, दांडीला खाली लाकडी ठोकळे. फल्ली टाकायची, दांडी हलवायची, ठोकळे आणि जाळी यांच्या मधे फल्ली रगडली जाते, टरफल आणि दाणे खाली पडतात. मग पाखडून घ्यायचं. कल्पना चांगली होती. तुमच्या आजोबांनीही ती चांगली म्हटली, आणि ते सहसा कशालाच चांगलं म्हणत नसत.

एक गोष्ट मास्तरांच्या बाजूने लिहिली पाहिजे. खामगावचा एक व्यापारी हे यंत्र विकत घ्यायला आला होता. त्याने नकाशा मागितला आणि तो दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणाला. मास्तरांनी त्याला चहा पाजला, त्याच्या मोटारीच्या मागच्या चाकाचा दोष सांगितला आणि वाटेला लावलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या घराच्या बाजाराकडच्या भिंतीवर गेरूने आणि निळीने यंत्राचा पूर्ण मापाचा नकाशा काढला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, नकाशा सर्वांसाठी खुला आहे, विचारण्याची गरज नाही. यात दिखाऊपणा अजिबात नव्हता. फक्त न विचारता कुणी नकाशा उतरवून नेला की मास्तर आठवडाभर रुसत.

बाजारच्या दिवशी भिंतीपुढे गर्दी होई. मास्तर प्रात्यक्षिक दाखवत. प्रात्यक्षिक म्हणजे ते पुढे उभे राहून छडीने एकेक भाग दाखवत बोलत आणि मागे त्यांच्या पत्नी शेवंताबाई फल्ली टाकून दांडी हलवत. ठेंगणी बाई, नऊवारीचा काचा घट्ट, तोंडात सुपारी. त्या प्रात्यक्षिकात बोलत नसत, म्हणून त्या कमी बोलतात असा पाहुण्यांचा समज होई. शेजाऱ्यांचा नव्हता. दाणे मात्र मोत्यासारखे अख्खे पडत. लोक मूठभर हातात घेऊन पाहत, माना हलवत, सुतळीने मापं घेत आणि आपापल्या गावी जाऊन यंत्र करवून घेत.

मग ते लोक परत येत.

वडनेर भोलजीचे एक शेतकरी आले. त्यांच्या यंत्रातून फल्ली जशी टाकली तशी खाली पडत होती, न फुटता. मास्तरांनी उलटतपासणी घेतली. लाकूड कोणतं? सुतार कोण? जाळी कुठली? तेव्हा कळलं की सुताराने मापं इंचांत धरली आणि जाळी शहरातून आणली ती नव्या मीटरच्या मापाने. मास्तर खूश झाले. "इंचाचं आन् मिलिमीटरचं लग्न लावलं तुम्ही," ते म्हणाले, "आता पोरं कशी होतीन?" सगळे हसले. वडनेरचे गृहस्थ हसले नाहीत. ते भिंतीजवळ गेले आणि त्यांनी शांतपणे विचारलं की नकाशावर आकडे आहेत, पण ते कशाचे आहेत? मी पाहिलं, खरंच लिहिलेलं नव्हतं. शाळेच्या फूटपट्टीला एका कडेला इंच होते आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. मास्तरांनी जी कड वर आली तिने मोजलं होतं. दांडी इंचांत होती, जाळी सेंटिमीटरमध्ये. "माह्याकडं तं चालते," मास्तर म्हणाले, आणि वडनेरच्या गृहस्थांना डोकं वापरायचा सल्ला दिला.

अशी पुष्कळ माणसं आली. कुणाचं बाभळीचं लाकूड चुकलं होतं, कुणाचा लोहार चुकला होता, एकाच्या तर गावाची हवा चुकली होती. नकाशा कधीच चुकला नाही. तुमचे आजोबा म्हणायचे, या भिंतीसमोर उभा राहिलेला माणूस आधीच आरोपी असतो.

पेरणीच्या तोंडावर बीबी गावचे गफूरभाई आले. बीबी आमच्यापासून लांब, थेट जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. ते बाजारच्या गर्दीत आले नाहीत, भर दुपारी मास्तर एकटे ओट्यावर असताना आले. मी शेवंताबाईंकडून विरजण घ्यायला गेले होते म्हणून मला हे पाहायला मिळालं. चाळिशीचा, सरळ चेहऱ्याचा माणूस. त्यांनी खांद्यावरचा रुमाल सोडला आणि ओट्यावर दाणे ओतले. एकही धड नव्हता.

"हे पेरू का खाऊ, मास्तरजी?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी लाकडाची चौकशी सुरू केली. गफूरभाईंनी ऐकून घेतलं आणि मग सगळं सांगितलं. थोरल्या भावाचा यंत्राला विरोध होता. दरवर्षी येणाऱ्या बायांना यंदा यायची गरज नाही असं गफूरभाईंनी स्वतः जाऊन सांगितलं होतं, आणि त्या आता दुसऱ्यांची फल्ली फोडत होत्या. बियाण्याची थोडी फल्ली यंत्रात गेली आणि तिची ही गत झाली. बाकीची पोती तशीच पडली होती. त्या दिवसांत कुणाकडेच जास्तीचं बी शिल्लक नसतं. ती पोती बिघडली तर दोघा भावांचं निम्मं रान यंदा पडीक राहणार होतं. "तुमच्या भिंतीवरून उतरवलं तसंच केलंय," ते म्हणाले. "खिळा इकडचा तिकडं नाही. मला फक्त सांगा, काय राहिलंय?"

मास्तरांनी तोंड उघडलं. काय येणार ते मला ठाऊक होतं आणि तेच आलं. गफूरभाई खाली बसून एकेक फुटका दाणा रुमालात परत भरू लागले. ते पाहून मास्तरांनी पहिल्यांदाच चौकशी सोडून दिली. थोड्या वेळाने म्हणाले, "मी येतो बीबीले."

दुसऱ्या दिवशी आजोबांची जीप निघाली. घरातून शेवंताबाईंनी सांगितलं की आपणही येणार. मास्तरांना कारण कळेना. पुरुषांत बाईमाणूस एकटी कशी जाणार, असं त्यांनी म्हणून पाहिलं, तर शेवंताबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या बाई आहेत ना." माझी हजेरी अशी ठरली.

बीबीला गफूरभाईंच्या अंगणात यंत्र होतं. सुताराने ते सुरेख केलं होतं, मास्तरांच्या यंत्रापेक्षा देखणं. थोरले भाऊ, करीमभाई, कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. मास्तरांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, यंत्र पूर्ण उघडलं, पुन्हा जोडलं. एक बोल्ट बदलला. दांडी तासून घेतली. फल्ली टाकून पाहिली, चुरा पडला. जाळी उलटी लावली, फल्ली अख्खी पडली. जाळी सुलटी केली, पुन्हा चुरा. दर वेळी थोडं बियाणं कमी होत होतं आणि गफूरभाई पोत्यातून ते मुठीने काढून देत होते. शेवटी शेवटी मूठ लहान होत गेली. मास्तरांनी जमीन सपाट नाही म्हणून यंत्र दुसरीकडे नेलं. मग हवा कोरडी असल्याचं सांगितलं.

"मास्तर," करीमभाई बाजेवरूनच म्हणाले, "मशीन राहू द्या, आधी तुम्ही सावलीत सरका."

आम्ही बायका आत चहा घेत होतो. शेवंताबाईंनी बशी खाली ठेवली, बाहेर आल्या आणि पोत्यात हात घालून एक मूठ फल्ली काढली. त्यांनी गफूरभाईंना विचारलं, "अशीच टाकता का?"

"मग कशी टाकायची, भाभी?"

शेवंताबाईंनी घरातल्या बायांना मोठ्या भोकांची चाळण आणायला सांगितलं. बारीक फल्ली एकीकडे, मोठी एकीकडे करायला लावली. मग सगळ्या फल्लीवर पाण्याचा हलका हात मारून ती पोत्यांखाली झाकायला सांगितली. कोरडी फल्ली दाण्याला घेऊनच फुटते, ओलसर झाली की नुसतं टरफल फुटतं. हे सगळं त्या भाजी निवडायचं सांगावं तशा सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आन् एक जुनी चप्पल द्या. नवी नको, झिजलेली पाह्यजे."

मास्तरांनी विचारलं, "चपलेचा मशीनशी काय संबंध?"

शेवंताबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मास्तरांच्या एका पायात तपकिरी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात काळी. तपकिरीची जोडीदारीण गेल्या वर्षी हरवली होती आणि मास्तरांनी तिच्यासाठी हेडमास्तरांच्या कुत्र्याशी वैर धरलं होतं. ती घरच्या यंत्रात होती. बारीक फल्ली घालायची असली की शेवंताबाई तिच्या तळाचे तुकडे ठोकळ्यांखाली ठोकत, म्हणजे ठोकळे आणि जाळीतली फट कमी होई. ठोकळा जरा दबे आणि दाणा वाचे. मोठ्या फल्लीला ते काढून टाकत. मास्तर नेहमी यंत्राच्या पुढे उभे असायचे. मागे काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी फल्लीवर पाणी शिंपडताना मी शेवंताबाईंना विचारलं, इतके लोक परत आले, तुम्ही बोलला का नाहीत?

"मले इचारलं कोनी?" त्या म्हणाल्या. "लोक यायचे ते ह्याइले इचारायचे. पह्यले फुटलेले दाने निवडायचं माह्याच गळ्यात यायचं, म्हनून मी चाळून घ्याले लागली. मंग पाह्यलं, मशीन चालते तंवर हे गावोगाव भाषण देत फिरतात. बंद पडली का घरी बसतात. घरी बसले का माह्या चुलीचा नकाशा काढतात." सुपारी दुसऱ्या गालात गेली. "पन ह्या मानसानं काल खाली बसून फुटके दाने भरले, ते पाहून मले राहवलं नाही, बाई."

रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी पोती उघडली, करीमभाईंच्या एका फाटक्या चपलेचे तुकडे ठोकळ्यांखाली बसवले आणि आधी बारीक फल्ली टाकली. शेवंताबाईंनी दांडी हलवली. खाली दाणे पडले. काही फुटले, सगळीकडेच थोडे फुटतात. बाकीचे अख्खे होते, तांबडे, सालीसकट. गफूरभाईंनी ते ओंजळीत घेतले आणि कुणाकडे न पाहता तसेच उभे राहिले. करीमभाई बाजेवरून उठले. एक दाणा चावून पाहिला, मग शेवंताबाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही चहा घ्या," आणि दांडी स्वतः धरली.

मास्तर तोपर्यंत जमलेल्या लोकांना फट कमी केल्याने दाब कसा बदलतो ते समजावून सांगत होते. परत येताना जीपमध्ये, चिखली जवळ आल्यावर, ते म्हणाले, "नकाशा बरोबरच होता." शेवंताबाई झोपल्या होत्या, किंवा डोळे मिटून होत्या.

त्या आठवड्यात भिंतीवरचा नकाशा त्यांनी नव्याने रंगवला. मापांपुढे इंच की सेंटिमीटर ते लिहिलं, हे त्यांच्या बाजूने लिहिते. प्रत्येक भागाला नाव दिलं. चाळणीला 'प्राथमिक वर्गीकरण' म्हटलं. पाणी शिंपडण्याला 'आर्द्रीकरण'. आणि ठोकळ्याखाली एक बारीक बाण काढून लिहिलं, 'लवचीक आधारपट्टी'. पुढच्याच बाजारापासून लोक येऊन विचारू लागले की खामगावच्या बाजारात ही आधारपट्टी कुठल्या दुकानात मिळते. मास्तर त्यांना तिचे गुणधर्म समजावून सांगत. शेवंताबाई मागच्या दारातून म्हणत, "चप्पल, बापा. जुनी चप्पल."

आमची बदली झाली ती त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. बीबीहून एसटीच्या टपावरून एक पोतं आलं होतं, नव्या फल्लीचं. वर कोळशाने लिहिलं होतं, शेवंताबाई भाभी, अमडापूर. मास्तर ओट्यावर पोतं उघडून बसले होते, सदऱ्यावर, मांडीवर टरफलं. ज्या गृहस्थाने जिल्ह्याला फल्लीयंत्र दिलं ते अंगठ्याने फल्ली फोडून खात होते. त्यांनी मला मूठभर दिली आणि सांगितलं की गफूरभाईचं सारं रान उगवलं.

मग माझ्या लक्षात आलं की खाता खाता ते उरलेल्या फल्लीचे दोन ढीग करत होते. बारीक डावीकडे, मोठी उजवीकडे. मी त्या ढिगांकडे पाहते आहे हे त्यांनी पाहिलं.

"वर्गीकरण," ते म्हणाले. "हे तं मी लोकाइले पह्यलेपासून सांगून राह्यलो."

शेवंताबाई सूप घेऊन बाहेर आल्या. दोन्ही ढिगांवरून त्यांनी हात फिरवला, सगळी फल्ली एकत्र केली, सुपात ओढली आणि उकडायला आत घेऊन गेल्या.